दुसऱ्या नंबरला शिक्षा कशाची?

36 मॅच खेळून जी टीम दुसरी येते तिला सरळ वरच्या लीगमध्ये घ्यायचं, की आणखी चार मॅचच्या चरकातून पिळून काढायचं? आयर्लंडच्या फुटबॉल लीगच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये पिळून काढतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. मी गॉलवेत राहतो, गॉलवे युनायटेडचं सीझन तिकीट काढतो, आणि आमची टीम 2023 मध्ये पहिली येऊन थाटात वर गेली. त्यामुळे "तुझं काय गेलं?" असं कोणीतरी खाली लिहिणारच. माझं काही गेलं नाही, म्हणून तर मोकळेपणाने बोलता येतंय.

ज्यांचं फुटबॉल मँचेस्टर आणि लिव्हरपूलपाशी संपतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आयर्लंडच्या लीगमध्ये दोन पायऱ्या आहेत. वर प्रीमियर, खाली फर्स्ट डिव्हिजन, आणि ही खालची पायरी 1985 पासूनची. 2023 ला खाली दहा टीम होत्या आणि प्रत्येक टीम प्रत्येकीशी चार वेळा भिडत होती. सीझन फेब्रुवारीत सुरू होतो, मॅच बहुतेक शुक्रवारी रात्री. बरेच खेळाडू दिवसा नोकरी करतात नाहीतर कॉलेजला जातात. म्हणजे तो शुक्रवार त्यांचाही आठवडा संपल्यावरचाच असतो.

पहिला नंबर थेट वर जातो. दुसरा ते पाचवा प्ले-ऑफ खेळतात. आधी दोन लेगची (एक मॅच घरी, एक बाहेर) सेमीफायनल, मग फायनल, आणि ती जिंकली की प्रीमियरमध्ये नववी आलेल्या टीमशी शेवटची लढत. इतकं सगळं पार पडलं तर प्रमोशन. तोवर नोव्हेंबर उजाडलेला असतो.

2023 चा सीझन खरं तर शर्यत म्हणून कंटाळवाणा होता, हे गॉलवेकर असूनही कबूल करतो. आम्ही 94 पॉइंट केले. 36 मध्ये 94! सप्टेंबरमध्येच टायटल खिशात होतं. मॅनेजर जॉन कॉलफिल्ड, 2017 साली कॉर्क सिटीला लीग आणि कप दोन्ही जिंकून देणारा माणूस. मागे मालक कोमर बंधूंचा पैसा. नोकरी सांभाळून खेळणाऱ्या पोरांसमोर असा संघ उतरवला की निकाल काय लागणार हे वेगळं सांगायला नको. पण या 94 च्या आधीची वर्षं कोणी बघत नाही. 2017 ला खाली आलो ते सहा वर्षं खालीच होतो. 2020, 2021, 2022, तिन्ही वर्षी प्ले-ऑफमध्ये माती खाल्ली. 2022 ला वॉटरफर्डने आम्हाला फायनलमध्ये हरवलं आणि पुढच्याच लढतीत वॉटरफर्डलाही यूसीडीने (डब्लिनच्या विद्यापीठाचा क्लब) बाहेर काढलं. म्हणजे आम्हाला रडवणारेही रडले.

टेरीलँडला (हे आमचं मैदान, पाटीवर एमन डीसी पार्क असं नाव आहे, गावातला हा माणूस 1980-81 ला इंग्लंडचं लीग जिंकणाऱ्या ॲस्टन व्हिलाच्या संघात होता, पण तोंडात टेरीलँडच बसलंय) आमच्या रांगेत एक आजोबा बसतात. कॉरिब नदीवरून येणारा वारा पाऊस आडवा मारत असतो, आजोबांचा मरून रंगाचा मफलर ओलाचिंब, आणि टीम तीन गोलने पुढे असतानाही त्यांची बडबड सुरू: "अजून एक मारा, अजून एक." एकदा मी विचारलं, आता कशाला एवढं टेन्शन? म्हणाले, "प्ले-ऑफ नको रे बाबा." पॉइंटची गादी इतकी जाड करायची की प्ले-ऑफचं तोंडही बघायला लागू नये, हे त्यांचं साधं गणित. 94 पॉइंटमागे या भीतीचाही हात होता असं मला वाटतं.

आता दुसऱ्या नंबरकडे या. 2023 ला तो वॉटरफर्डचा होता. ते आमच्या बरेच मागे होते हे खरं, पण बाकी आठ जणांच्या तर पुढे होते ना? तरी ॲथलोनशी दोनदा खेळा, मग कोबशी खेळा, मग टॅलाटच्या स्टेडियमवर कॉर्क सिटीशी खेळा. कॉर्कला हरवायला एक्स्ट्रा टाइम लागला, 2-1. वर गेले एकदाचे. यावर व्यवस्थेचे वकील म्हणतात, बघा, दुसराच वर गेला, मग अडचण काय? अडचण ही की त्या रात्री एखादा बॉल पोस्टला लागून बाहेर गेला असता तर 36 मॅचची कमाई शून्य झाली असती.

आणि तशी ती झालेलीही आहे. ब्रे वाँडरर्सना विचारा. 1985-86 चा या डिव्हिजनचा पहिलावहिला चॅम्पियन हाच क्लब. डब्लिनच्या दक्षिणेला समुद्रकाठी त्यांचं कार्लाइल ग्राउंड्स आहे. 2020 ला कोविडमुळे सीझन 18 मॅचचा झाला, ब्रे दुसरे आले, आणि प्ले-ऑफच्या पहिल्याच मॅचला बाहेर. बाहेर काढणारे आम्हीच, पाचवे आलेलो! त्या दिवशी मी नाचलो असेन, पण न्याय म्हणून बघितलं तर ते चुकीचंच होतं. 2024 ला ब्रे पुन्हा शेवटच्या लढतीपर्यंत पोचले. समोर द्रोहेडा, आठवडाभर आधीच एफएआय कप, म्हणजे देशाचा कप, जिंकून आलेले. 3-1. घरी जा.

हो, प्ले-ऑफची एक बाजू मला मान्य आहे. ते नसते तर 2023 ला ॲथलोन आणि वेक्सफर्डच्या लोकांनी ऑगस्टनंतर मैदानात यायचं कशाला? ॲथलोन म्हणजे 1975 ला एसी मिलानला घरच्या मैदानावर 0-0 रोखणारं गाव. त्या मॅचमध्ये त्यांची एक पेनल्टी वाया गेली, तिचा विषय लोक अजून काढतात. अशा गावाला ऑक्टोबरमध्ये चार आशेचे दिवस मिळाले तर माझी हरकत नाही. म्हणून मी प्ले-ऑफ बंद करा म्हणतच नाही. पहिले दोन थेट वर घ्या, तिसरा ते सहावा एकमेकांत लढू द्या आणि त्यातल्या विजेत्याला प्रीमियरच्या आठव्याशी भिडवा. वरच्यांना हे पटणार नाही, कारण त्यांच्या खुर्च्या हलतात.

गंमत म्हणजे हीच लीग तळाला अगदी मऊ होती. फर्स्ट डिव्हिजनमध्ये शेवटचे आलात तरी खाली पडायला जागाच नव्हती. अनेकांना हे खुपतं, मला नाही. 2023 ला केरी एफसी पहिल्यांदा लीगमध्ये आले. केरी म्हणजे गेलिक फुटबॉलचं (हातही वापरता येतो असा आयर्लंडचा स्वतःचा खेळ) माहेरघर, 2022 ला त्यांनी त्यातलं 38 वं ऑल-आयर्लंड विजेतेपद जिंकलेलं. तिथे आपल्या या फुटबॉलला कोण विचारतंय, असं सगळे म्हणत होते. ट्रलीच्या माउंटहॉक पार्कवर फेब्रुवारीत पहिली मॅच झाली, कोबने हरवलं, आणि वर्षअखेर केरी तळाला. पहिल्याच वर्षी त्यांना हाकलून दिलं असतं तर त्या काउंटीत पुन्हा कोणी हिंमत केली असती का? नवख्याला हरायला दोन-चार वर्षं द्यावीच लागतात.

पण वरचा दरवाजा मात्र उघडा हवा. तो बंद झाला की काय होतं ते गोव्यात बघितलंय. धेंपो, पाच वेळा देशाचा चॅम्पियन, 2015 ला खाली गेला, 2016 ला सेकंड डिव्हिजन जिंकून मैदानावर कमावून परत वर आला, आणि त्याच वर्षी साळगावकर आणि स्पोर्टिंगसोबत आय-लीगमधूनच (तेव्हाची देशाची वरची लीग) बाहेर पडला. कारण वरची जागा आयएसएलला (इंडियन सुपर लीग) आणि आय-लीग खालच्या पायरीवर, असा नकाशा फेडरेशनने मांडला होता. जिंकूनही वर जाता येणार नसेल तर मालकाने पैसे ओतायचे कशासाठी?

आयर्लंडमध्ये दरवाजा आहे, फक्त फार अरुंद आहे. आणि त्यातून एकदा निसटलं की काय काय होऊ शकतं बघा: शेलबर्न 2021 ला फर्स्ट डिव्हिजन जिंकून वर गेले आणि 2024 ला मॅनेजर डेमियन डफच्या हाताखाली थेट देशाचे चॅम्पियन झाले. उलट कॉर्क, 2020 ला खाली, 2022 ला वर, 2023 ला खाली, 2024 ला वर, 2025 ला पुन्हा खाली. दरवाजा रुंद केला तर अशी ये-जा वाढेल म्हणणाऱ्यांना माझं उत्तर: वाढू दे. कॉर्कवाले शिव्या घालत का होईना, त्यांच्या मैदानावर, टर्नर्स क्रॉसला, येतातच.