पहिल्याच दिवशी घ्या!

नवा मोबाइल आला की थांबू नका. सहा महिने दम धरून, भाव उतरल्यावर, चार जणांना विचारून वस्तू घेणारी माणसं गावोगाव असतात. त्यांच्या नादी लागाल तर प्रगती खुंटेल. दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या आडतीत सोयाबीनची पट्टी तुमच्या हाती पडते आणि नेमका तेव्हाच ऑनलाइन सेल लागतो. याला दैवी संकेत समजा. उधारी काय, पुढच्या हंगामातही फिटते.

कंपनीला तुमची गरज आहे हो. त्यांच्या प्रयोगशाळेत सगळं आहे, पण मे महिन्यातली मराठवाड्याची दुपार नाही. लाइट गेलेली, डोक्यावर पत्रे, फोन चार्जिंगवरून नुकताच काढलेला. अशा वेळी तो किती तापतो हे तुमच्याशिवाय सांगणार कोण? या कामाला कंपनी पगारी माणसं ठेवते. तुम्ही पदरचे पैसे भरून करता, म्हणून तुमचा मान मोठा.

आणि मान देण्यात कंपन्या हात आखडत नाहीत. गूगलनं 2013 साली 1500 डॉलरचा चष्मा विकला, तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकांना ‘एक्सप्लोरर’ म्हटलं. निन्टेन्डोनं 2011 मध्ये थ्रीडीएस हे खेळायचं यंत्र 250 डॉलरला आणलं आणि सहा महिन्यांच्या आत 170 वर उतरवलं. आधी घेणारे ‘अँबॅसिडर’ झाले, वर 20 जुने गेम फुकट. ॲपलचा पहिला आयफोन 2007 च्या जूनअखेर 599 डॉलरला आला, सप्टेंबरात 399 ला मिळू लागला. लोक चिडले, तेव्हा 100 डॉलर देऊ केले, तेही ॲपलच्याच दुकानात खर्चायचे. आडत्यानं क्विंटलमागं दोनशे कापावेत आणि ‘शंभराचं खत आपल्याच दुकानातून न्या’ म्हणावं, असा हा जिव्हाळा.

फोन बिघडलाच तर आधी स्वतःचा हात तपासा. 2010 च्या आयफोन फोरची रेंज एका ठरावीक जागी धरला की पडायची, तेव्हा पहिला सल्ला ‘तसा धरू नका’ हाच होता. फुकट कव्हर नंतर मिळालं.

हात ठीक असेल तर सर्व्हिस सेंटर गाठा. नव्या मॉडेलचे पार्ट लातूरला आलेले नसतात, म्हणून पहाटेच्या एसटीनं संभाजीनगर. टोकन घ्या, बसा. काउंटरवरचा पोरगा सिमचा ट्रे काढेल, खाचेत टॉर्च मारेल आणि मान न वर करता म्हणेल, ‘काका, लाल झालंय.’ आत नखाएवढीही नसलेली एक पांढरी पट्टी असते, ती ओल लागली की लाल होते. लाल म्हणजे पाणी शिरलं, पाणी शिरलं म्हणजे वॉरंटी गेली. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं तुमच्या फोनला एवढं पाणी मिळालं कुठून, असलं काही त्याला विचारू नका. तो बिचारा आठ तास लाल-पांढरंच बघतो. ‘अपडेट आल्यावर बघू’ म्हणाला, तर तेवढं वाक्य घेऊन समाधानानं परतीची गाडी धरा.

एवढं करूनही कोणी विचारलं, की पहिल्या गिऱ्हाइकाला शेवटी मिळतं काय, तर त्याला ह्यूमेन कंपनीच्या एआय पिनचं सांगा. 2024 मध्ये आलेला, छातीवर लावायचा 699 डॉलरचा बिल्ला, वर महिन्याला 24 डॉलर. वर्षही झालं नाही तोच कंपनीचा बराचसा कारभार एचपीनं विकत घेतला आणि 28 फेब्रुवारी 2025 ला बिल्ल्याचं सर्व्हर बंद. पैसे परत मिळाले ते ज्यांच्या खरेदीला 90 दिवस झाले नव्हते त्यांना. सगळ्यात आधी घेणाऱ्यांचा बिल्ला त्यांच्यापाशीच राहिला. फोन लागणार नव्हता, प्रश्नाला उत्तर येणार नव्हतं. बॅटरी किती उरली, तेवढं मात्र तो सांगत राहील, असं कंपनीनं आवर्जून कळवलं होतं.