नवव्या प्रकरणात त्यानं तिचे डोळे झाकले

आमची दहाजणींची भिशी आहे. पैशाची आहेच, पण दोनेक वर्षांपासून तिला वाचनाचं शेपूट लागलंय. जिच्या घरी भिशी, तिनं पोहे-चहा करायचा आणि काहीतरी वाचून दाखवायचं. कुणी कविता वाचते, कुणी पेपरातलं कात्रण. एकीनं वीजबिलामागची बारीक अक्षरं वाचली होती, त्या दिवशी सगळ्यात जास्त चर्चा झाली. मागच्या खेपेला नंबर माझा होता. मी माझी कादंबरी बाहेर काढली.

हो, कादंबरी लिहितेय. दिवसभर लोकांचे जीएसटी रिटर्न भरते आणि रात्री साडेदहानंतर प्रेमकथा लिहिते. कुणाला हसायचं असेल तर इथंच हसून घ्या, पुढं जागा नाही.

नायिका चौतीस वर्षांची. लग्नात मार खाल्लेली, चार वर्षांपूर्वी माहेरी परत आलेली. नायकाचं तिच्या ऑफिसखाली झेरॉक्सचं दुकान. पोरवयात गंगावेशच्या तालमीत घुमलेला, त्यामुळं हात असे फावड्यासारखे. नववं प्रकरण माझं लाडकं. रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला ती कठड्यावर बसलीय, पाण्यावर तिरपं ऊन आहे, आणि तो मागून चोरपावलानं येऊन तिचे डोळे झाकतो. ती दचकते, मग त्याच्या हाताला येणारा टोनरचा वास ओळखते आणि खुदकन हसते. लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन दोनदा वाचलं होतं.

भिशीत वाचलं. दोघी-तिघी 'वा वा' म्हणाल्या. अक्का पोह्यातले शेंगदाणे बशीच्या कडेला लावत बसली होती. मान वर न करता म्हणाली,

"आगं, ती वरडली असती."

"काय?"

"वरडली असती. न्हाईतर कोपर हाणलं असतं त्येला. आन् मग का हाणलं म्हणून रात्रभर रडत बसली असती. हसली कशी काय ती?"

खोलीत कुणी बोलेना. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून मी उठले, ते बरंच झालं.

अक्काबद्दल तिला विचारूनच लिहितेय. नाव-गाव सांगणार नाही, दोन-चार तपशीलही बदललेत. अक्का पन्नाशीची. पहिल्या घरात अकरा वर्षं काढली आणि एका रात्री पायात चप्पल न घालता बाहेर पडली. नंतर बऱ्याच वर्षांनी दुसरं लग्न केलं. आम्हाला हे सगळं वरवर माहीत होतं. पण ते आपल्या गोष्टीला लावून बघावं, एवढी अक्कल मला नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला २०१९-२१ चा आकडा मी पूर्वी कुठंतरी वाचला होता. १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसलेली. म्हणजे दहात तीन. त्या रात्री कप विसळताना मी मोजले, दहा होते.

मग मी वाचायला बसले. प्रेमकथा नव्हे, दुसरं. मोठ्या आघातानंतर माणसाचं जे होतं त्याला पीटीएसडी हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत १९८० साली आलं, तेही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी पाठपुरावा केला म्हणून. त्याची जी लक्षणं दिलीत त्यात प्रमाणाबाहेर दचकणं हे सरळसरळ लिहिलेलं आहे. म्हणजे माझ्या नायकानं लाडात येऊन नेमकी तीच कळ दाबली होती आणि मी खाली 'ती हसली' असं लिहून मोकळी झाले होते.

ज्युडिथ हर्मन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली बरं होण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता. मग झालेलं आठवणं आणि त्याचा शोक करणं. आणि मग पुन्हा माणसांत येणं. माझी कादंबरी थेट तिसऱ्यापासून सुरू झाली होती. पहिले दोन टप्पे मी 'चार वर्षांपूर्वी माहेरी आली' या चार शब्दांत उरकले होते. आपल्याकडच्या अशा बहुतेक गोष्टींत हेच होतं बघा. मोबाईलवर रोज एक भाग वाचायला मिळणाऱ्या मालिका घ्या. नायिकेचं दुःख पहिल्या भागात, तेही तोंडी लावण्यापुरतं, म्हणजे तिच्याबद्दल कणव वाटते. तिथून पुढं नायक हेच औषध. त्यानं एकदा मिठी मारली की तिची वाईट स्वप्नं बंद.

अशी भीती एका मिठीनं जात नसते, हे कोल्हापूरकरांना वेगळं समजावून सांगायला नको. माझं माहेर पंचगंगेच्या बाजूला, सखल भागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या घरात छातीभर होतं. आई तेव्हापासून जून लागला की रोज सकाळी एकच विचारते, "बंधाऱ्यावर किती?" ३९ ला इशारा, ४३ ला धोका हे तिला जपासारखं पाठ आहे. पण ती सरकारी पातळीची वाट बघत नाही. पाणी तीस फुटांच्या वर गेलं की हिचे डाळ-तांदळाचे डबे माळ्यावर जायला लागतात. कागदपत्रांची पिशवी दाराच्या खुंटीला. घर कोरडं ठणठणीत असतं आणि ही म्हणते, चिखलाचा वास येतोय. आम्ही म्हणायचो, आई, असा पूर काय रोज येतो होय? २०२१ च्या जुलैत परत आला. तेव्हापासून आम्ही गप्प बसतो आणि डबे चढवायला मदत करतो.

आईला कुणी वेडी म्हणत नाही, कारण अख्खी गल्लीच डबे चढवते. महापुराचा पंचनामा झाला, तलाठी आले, भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, कुणालाही दाखवता येते. अक्काच्या घरातल्या पुराची पातळी कुठल्या ग्रुपवर आली होती? तिला सगळ्यांनी सांगितलं, झालं गेलं विसर, आता चांगला माणूस मिळालाय. आईला असं सांगायची कुणाची छाती आहे का बघा!

म्हणून पुढच्या रविवारी मी वही घेऊन अक्काकडं गेले. सरळ विचारलं, तुझा या नवऱ्यावर विश्वास कधी बसला ग? मला एखादा प्रसंग हवा होता. त्यानं काहीतरी मोठं केलं असेल, असं मी धरून चालले होते.

अक्का म्हणाली, खुर्ची.

पहिल्यांदा ती त्यांच्या घरी गेली तेव्हा त्यांनी दार उघडंच ठेवलं, आणि दाराजवळची खुर्ची तिला देऊन आपण आतल्या कोपऱ्यात, भिंतीकडं जाऊन बसले. तिच्या आणि दाराच्या मध्ये कुणी नव्हतं. त्यांनी मुद्दाम केलं की सहज, हे अक्काला आजही माहीत नाही. पण तिनं ते पाहिलं. मग म्हणाली, बेल. लग्नानंतर किल्ली खिशात असूनही ते बेल वाजवतात आणि जरा थांबून मग कुलूप काढतात. अजून. वीस मिनिटं उशीर होईल म्हणाले की विसाव्या मिनिटाला येतात. मी हे सगळं लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, यात कादंबरी कुठं आहे?

मग रश्श्याची गोष्ट निघाली. लग्नाला तीनेक महिने झालेले. रविवार, मटण आणलेलं. अक्कानं पांढऱ्या रश्श्यात मुद्दाम दीड मूठ मीठ जास्त टाकलं.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. म्हटलं एकदाचं काय ते कळू दे. रोज वाट बघून जीव जातोय."

तिनं ताट वाढलं आणि समोर बसली. त्यांच्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघत. उजव्या हातानं त्यांनी वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली. हात वाटीवरच राहिला. अक्का म्हणते, तेवढ्या वेळात मी दारापर्यंतची पावलं मोजली, पाच होती. मग तो हात तांब्याकडं गेला. "मीठ जरा पुढं गेलंय आज," म्हणाले, रश्श्यात पाणी ओतलं, भात कालवला आणि जेवले. अक्का उठून मोरीत जाऊन रडली. पुढच्या रविवारी परत जास्त टाकलं. एकदा सुटला म्हणून काय झालं, असं तिचं म्हणणं. तिसऱ्या रविवारी मात्र तेच म्हणाले, "आज रस्सा मी करू का?"

मी वही मिटली.

आणि ते काही देवमाणूस वगैरे नाहीत, हेही अक्कानंच सांगितलं. एकदा फोनवर कुणावर तरी मोठ्यानं ओरडले. अक्का न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली. त्यांनी दार वाजवलं नाही. बाहेरून म्हणाले, "मी फोनवर ओरडलो, तुझ्यावर नाही. मी अंगणात बसतोय." अक्का तासानं बाहेर आली तेव्हा ते खरंच अंगणात होते. डास चावून घेत.

आता माझ्या पंधराव्या प्रकरणाचं सांगते. त्यात नायक बिंदू चौकात, भर गर्दीत, तिच्या पहिल्या नवऱ्याला तुडवतो. भिशीत सगळ्यांना हे प्रकरण हवंच होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. पण त्या फावड्यासारख्या हातांनी तो एका माणसाला मारतोय हे तिनं उभं राहून बघितलं, तर घरी आल्यावर ती त्याच हातांकडं कशी बघेल? तिच्या मनात पहिला हिशेब हाच येणार की हा हात किती जोरात बसतो. पंधरावं प्रकरण फाडलं. त्याजागी ती स्वतः अर्ज करते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात नुसता मारच नाही, घालूनपाडून बोलणं, पैशाची कोंडी करणं हेही येतं, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. दिल्लीचा हा २००५ चा कायदा त्यानंतर ८६ वर्षांनी आला. आणि सज्ञान बायकोवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती २०२३ च्या नव्या न्याय संहितेतही बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवलीय. माझ्या नायिकेबरोबर जे झालं त्यातल्या निम्म्याला वकील काय नाव देणार, हा प्रश्न सोळाव्या प्रकरणात आलाय आणि मी तिथं तीन आठवडे अडकले होते.

आता भिशीतलं भांडण. एकजण म्हणाली, अगं, खरंखुरंच बघायचं तर शेजारच्या खिडकीत बघते की, पुस्तक कशाला? शेवटी संसार सुखाचा होऊ दे बाई. यावर माझं काही भांडणच नाही. अमेरिकेतल्या प्रणयकथा लेखकांच्या संघटनेनं तर व्याख्याच करून ठेवलीय की मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. मला तो शेवट हवाय. 'शहाणे' वाचक अशा पुस्तकांना नाकं मुरडतात ना, त्यांचा मला राग येतो. मार खाल्लेल्या बाईची गोष्ट तिच्या मरणानं किंवा एकटेपणानं संपली की ती साहित्य, आणि तिला कुणी प्रेमानं भात वाढला की टाइमपास! असं का? अक्काच्या घरात रोज भात शिजतोच की.

माझं म्हणणं एवढंच, की तिला त्या शेवटापर्यंत चालत जाऊ द्या, नायकाच्या खांद्यावर टाकून नेऊ नका.

दुसरी म्हणाली, प्रत्येक वेळी 'हात धरू का' विचारणारा नायक म्हणजे काय, बँकेचा फॉर्म आहे का? सगळ्या हसल्या, मीही हसले, कारण हा प्रश्न मलाही छळत होता. विचारून कुठं प्रेम होतं, असं आपण ऐकत आलोय.

अक्का तेव्हा सुपारी कातरत होती. ती बोलताना 'मी जातो, मी करतो' असंच बोलते, जुन्या कोल्हापुरी बायकांसारखं. म्हणाली, "त्यांनी विचारलं म्हणून तर मला 'नको' म्हणता आलं. जल्मात पहिल्यांदा. आन् नको म्हणल्यावर कायबी झालं न्हाई. ते बसले तसेच बसले, च्या पिला. तवाच प्रेमात पडलो मी."

यावर कुणालाच काही सुचलं नाही.

नववं प्रकरण परत लिहिलं. रंकाळा तोच, कठडा तोच. तो लांबून, राजघाटाकडून फोन करतो, "मी समोरून येतोय, निळा शर्ट." ती त्याला गर्दीतून येताना बघत राहते. एवढा लांबचा रस्ता, ती सगळा वेळ त्याला बघू शकते, उठून जाऊही शकते. ती जात नाही. तो येऊन दोन हात सोडून बसतो आणि भेळेचा पुडा मधे ठेवतो. बस. दीड पानाचं होतं, चार पानांचं झालं, आणि लिहिताना माझ्याच पोटात गोळा येत होता. डोळे झाकण्याच्या प्रसंगात तसा गोळा आला नव्हता.

वाचणाऱ्यांत कुणी अक्का असेल तर महिलांसाठी १८१ आहे, आणि मनाचं बोलायला टेलिमानस, १४४१६, तिथं मराठीतही बोलतात.

अठरावं प्रकरण झालंय. नायिकेनं अजून त्याचा हात धरलेला नाही. भिशीतल्या तिघी वैतागल्यात, एकीनं तर पुढच्या महिन्यात मला वाचू देणार नाही असं जाहीर केलंय. मी अक्काला विचारलं, आता धरू दे का? ती म्हणाली, "घाई काय हाय? पावसाळा सरू दे."