कर्णिकांचे ‘किणर्क’

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक निरोप फिरतोय, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या नोंदी साठवायच्या प्रोग्रामच्या जुन्या फाइली (एमडीबी) नव्या प्रकारात (एसीसीडीबी) नेण्याबद्दल. थोडक्यात असा: ‘ॲक्सेसची जुनी एमडीबी फाइल आहे? नावाचं शेपूट बदलून एसीसीडीबी करा, नाहीतर नव्या ॲक्सेसमधून ‘सेव्ह ॲज’ करा. पाच मिनिटांचं काम. उघडलीच नाही तर फाइल मेली समजा. मराठी आपोआप युनिकोड होतं. काहीच जमलं नाही तर एक्सेलमध्ये काढून पुन्हा भरा.’

रामबागेतल्या एका मंडळाची सभासद आणि वधू-वर नोंदणी मी गेल्या पावसाळ्यात नव्या मशीनवर नेली. फाइल ॲक्सेस 97 ची. पाच मिनिटं राहू द्या, चार रविवार गेले. तेव्हा या निरोपाला उत्तर देण्याचा थोडा हक्क माझाही आहे.

आधी शेपूट. कोणतीही जुनी एमडीबी नोटपॅडमध्ये उघडून बघा (प्रत काढून, मूळ फाइल नव्हे). सगळा कचरा दिसेल, पण अगदी सुरुवातीला रोमन लिपीत ‘स्टँडर्ड जेट डीबी’ एवढं वाचता येतं. खऱ्या एसीसीडीबीत तिथे ‘स्टँडर्ड एस डीबी’ असतं. जेट हे ॲक्सेसच्या आतलं जुनं इंजिन, एस नवं. तुम्ही नाव काहीही ठेवा, आतलं जेट जेटच राहतं.

‘उघडली नाही म्हणजे मेली’ हे मात्र नुसतं चूक नाही, घातक आहे. यावर विश्वास ठेवून लोक वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी डिलीट करतात. ॲक्सेस 2013 आणि त्यापुढच्या आवृत्त्या 97 ची फाइल उघडतच नाहीत, ती कितीही धडधाकट असली तरी. मध्ये एक पायरी लागते: 2003, 2007 किंवा 2010. तिथे फाइल आधी 2002-2003 च्या एमडीबीत आणायची, मग पुढे न्यायची. 2010 ही त्यातली शेवटची संधी. आम्हाला ऑफिस 2003 वाला संगणक एका काकांच्या माळ्यावर सापडला. काकूंनी तो भंगारात काढायला ठेवला होता.

‘सेव्ह ॲज’मध्ये अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. फाइल 2000 ते 2003 मधली असेल, आत नुसते टेबल आणि चार क्वेऱ्या (नोंदी शोधून काढायच्या सूचना) असतील, तर खरंच पाच मिनिटं लागतात. खरं तर तीही घालवायची गरज नाही. तसली एमडीबी आजचं ॲक्सेस आहे तशी उघडतं. घोळ होतो तो फॉर्म आणि कोड असतील तेव्हा. आमच्याकडे जन्मतारीख निवडायला फॉर्मवर कॅलेंडर होतं. ते कॅलेंडर 2010 पासून ॲक्सेसमधून काढून टाकलंय. पण गंमत बघा, चूक कॅलेंडरवर दाखवत नाही. कोड थांबतो ‘लेफ्ट’वर, नाहीतर ‘डेट’वर, म्हणजे ज्यांचा काही दोष नाही अशा साध्या फंक्शनवर, आणि म्हणतो, लायब्ररी (कोडला लागणारी जोड-फाइल, इथे त्या कॅलेंडरची) सापडत नाही. मी एक अख्खी दुपार त्या बिचाऱ्या ‘लेफ्ट’ची झडती घेत बसलो. उपाय दोन क्लिकांचा निघाला: ऑल्ट-एफ11 (कोडची खिडकी), टूल्स, रेफरन्सेस. यादीत जिच्यापुढे ‘मिसिंग’ लिहिलंय त्या लायब्ररीची खूण काढायची. फॉर्मवरचं मेलेलं कॅलेंडरही पुसायचं. तारखेच्या साध्या रकान्याला ॲक्सेस 2007 पासून स्वतःचं कॅलेंडर देतं. ऑफिस 64 बिटचं असेल तर कोडमधल्या विंडोजला हाक मारणाऱ्या ‘डिक्लेअर’च्या ओळींत ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द घालावा लागतो, ते वेगळं.

आणखी एक गोष्ट, निरोपात जिचा उल्लेखही नाही. जुन्या फाइलला एमडीडब्ल्यू नावाच्या सोबतच्या फाइलमधून माणसागणिक परवानग्या दिलेल्या असू शकतात: हा बघेल, तो बदलेल. एसीसीडीबीत ही सोयच नाही. अख्ख्या फाइलला एकच पासवर्ड. वधू-वर नोंदणीत लोकांचे फोन आहेत, उत्पन्न आहे, पत्रिका आहेत. पासवर्ड मिळाला की सगळं सगळ्यांना उघडं.

आता ‘आपोआप युनिकोड’. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. आमची नावं कृतिदेव या जुन्या देवनागरी फाँटमध्ये टाइप केलेली. कृतिदेवमध्ये ‘राम’ म्हणजे टेबलात साठवलेली रोमन अक्षरं जे, के, ई. देवनागरी हा फक्त फाँटने चढवलेला वेष आहे. नवं ॲक्सेस ती तीन अक्षरं इमानेइतबारे युनिकोडमध्ये ठेवतं, पण जे, के, ई म्हणूनच. मोबाइलवरच्या कीबोर्डने ‘राम’ शोधा, एकही नोंद हाती लागणार नाही.

यावर अक्षराला अक्षर बदलणारी छोटी मॅक्रो (आपोआप चालणारा कोड) कुणीतरी देतंच. मलाही मिळाली. तिनं ‘कर्णिक’चं ‘किणर्क’ केलं. कारण कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. त्या दोघांच्या जागा बदलणारा कन्व्हर्टरच हवा, आणि त्यानंतरही आडनावांची यादी डोळ्यांखालून घालायला एक मराठी माणूस.

शेवटचा सल्ला एक्सेलचा. बहुतेक जण सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर-फाइल) काढतात आणि एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करतात. तिथे 0731 चं शून्य उडतं, म्हणजे इंदूरचे लँडलाइन नंबर लंगडे. तारीख दोन आकडी वर्षानं बाहेर पडली असेल तर 1928 साली जन्मलेले आजोबा 2028 साली जन्माला येतात. कुठला मुलगा कुठल्या सभासदाच्या घरचा, हे सांगणारी टेबलांमधली नाती तर सीएसव्हीत येतच नाहीत.

हलवण्याआधी प्रत्येक टेबलातल्या नोंदींची संख्या वहीत लिहून ठेवा आणि नंतर जुळवा. ॲक्सेसनं ‘कन्व्हर्जन एरर्स’ नावाचं टेबल बनवलं असेल तर तेही वाचा. आमच्या संख्या जुळल्या. ‘शेरा’ हा रकाना मात्र अजून कृतिदेवमध्येच आहे. त्यात लोकांनी इतकं काय काय लिहून ठेवलंय की बदलता बदलता मी वाचतच बसतो.