मिठाचं पाणी

मंगळवारपासून 8:17 च्या लोकलमध्ये मला 'मीठ' म्हणतात. माझं खरं नाव त्या डब्यात कुणाला ठाऊक नाही. सहा वर्षं डोंबिवलीहून एकाच दारातून चढतोय, आजवर मी 'चष्मा' होतो. आज पाऊस पडत होता, छत्री झटकत आत सरकलो तर कोपऱ्यातून हाक आली, "या मीठ! भिजलात तरी शाबूत?" अख्खा डबा हसला. मीही हसलो, कारण चौथी सीट त्याच लोकांच्या मर्जीवर मिळते.

झालं असं की मी पोकेमॉन खेळतो. वय 43, दोन मुलं, एक गृहकर्ज, आणि मी पोकेमॉन खेळतो. हे एकदा सांगून मोकळा होतो म्हणजे पुढे बोलता येईल. लॉकडाऊनमध्ये भाच्याने नाद लावला. मोबाईलवर पोकेमॉन शोडाऊन उघडायचं, माझे सहा प्राणी, जगाच्या पाठीवरच्या कुणाचे तरी सहा, आणि मारामारी. प्राणी पकडत हिंडायचं नाही, पैसे नाहीत. डोंबिवली ते दादर एक डाव आरामात होतो.

यात डोकं लागतं, हे कुणाला पटत नाही. प्रत्येक प्राण्याचा टाइप असतो. आग, पाणी, गवत, बर्फ, भूत असे 18 टाइप. कुठला कुणाला किती लागतो याचा तक्ता 18 गुणिले 18, म्हणजे 324 घरांचा. एका प्राण्याला दोन टाइप असू शकतात, मग गुणाकार. मार कधी दुप्पट लागतो, कधी चौपट, कधी अर्धा, कधी पाव, कधी मुळीच नाही. माझे आजोबा पावकी-निमकी म्हणायला लावायचे, तेव्हा मी रडायचो. त्याच मी चाळिशीत ऑफिसच्या डायरीच्या मागच्या पानावर तक्ता काढून पावकी-निमकी घोकली, स्वखुशीने. चार महिने गेले. आजोबा असते तर त्यांना बरं वाटलं असतं, कशासाठी हे कळेपर्यंत.

आणि नोव्हेंबर 2022 मध्ये स्कार्लेट आणि व्हायोलेट हे पोकेमॉनचे नवे गेम आले, त्यांच्याबरोबर टेरास्टल आलं. खेळणारे नुसतं 'टेरा' म्हणतात. डावात एकदा, तुमच्या सहांपैकी कुठल्याही एका प्राण्याचा टाइप तुम्ही भर लढाईत बदलू शकता. कुठला टाइप होणार हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं, पण ते तुमचं तुम्हाला. समोरच्याला पत्ता नाही. 18 पैकी काहीही. पुढच्या वर्षी डिसेंबरात 'स्टेलर' नावाचा एकोणिसावाही आणला, अठरांनी भागत नव्हतं म्हणून.

असले काहीतरी दर तीन वर्षांनी येतंच. 2013 ला मेगा, 2016 ला झेड, 2019 ला डायनामॅक्स, ज्यात प्राणी तीन फेऱ्यांपुरता इमारतीएवढा व्हायचा. तो प्रकार आमच्या एकेरी लढाईवाल्यांना इतका असह्य झाला की महिन्याभरात, डिसेंबर 2019 मध्येच, स्मोगॉनवाल्यांनी, म्हणजे आमच्या ऑनलाइन लढायांचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी, त्याच्यावर बंदी घातली. टेराचंही मतदान झालं. टेरा वाचला. लोकशाही आहे, बोलायची सोय नाही. पण गंमत बघा, अधिकृत स्पर्धांमध्ये 2023 पासून समोरच्याच्या टीमची यादी हातात देतात, कुणाचा टेरा काय हे त्यात छापलेलं असतं. म्हणजे जे बक्षिसासाठी खेळतात त्यांना उत्तरपत्रिका, आणि आम्ही चौथ्या सीटवर अर्ध्या कुल्ल्यावर बसून अंदाजपंचे.

तर मंगळवार. माझ्या शेजारी अण्णा. अण्णा हे आमच्या डब्यातल्या पत्तेवाल्यांचे म्होरके. मांडीवर ब्रीफकेस, त्यावर रुमाल, रोज मेंढीकोट. त्या दिवशी चौथा गडी आला नव्हता, त्यामुळे डाव बसला नाही आणि अण्णा रिकामे होते. रिकामा माणूस लोकलमध्ये शेजाऱ्याच्या मोबाईलमध्ये बघतो. अण्णा चष्मा कपाळावर चढवून बघतात, म्हणजे मान जवळजवळ माझ्या खिशात.

"हा पोट सुटलेला सरडा कोण?"

"ड्रॅगोनाइट."

"तुमचा?"

"समोरच्याचा. माझं हे."

"हे मांजर?"

वीव्हाइल मांजर नाही, पण मुंब्रा यायच्या आत हे समजावणं शक्य नव्हतं. "हो, मांजर."

शेवटचा एकेक प्राणी उरला होता. त्याचा ड्रॅगोनाइट बराच जखमी, माझं मांजर निम्म्या जिवावर, पण वेगाने पुढे. पहिला वार माझा. ड्रॅगोनाइट एकाच वेळी ड्रॅगन आणि उडणारा, दोन्हींना बर्फ दुप्पट लागतो, म्हणजे बर्फ चौपट. बर्फाचं बटण समोर होतं. जिंकलो तर आयुष्यात पहिल्यांदा माझं रेटिंग पंधराशेच्या वर जाणार होतं. मी एक क्षण थांबलो, चव घेत.

अण्णांनी खालचं बटण वाचलं. "लो किक. म्हणजे लाथ ना? लाथ घाला."

"अण्णा, तो उडतो. उडणाऱ्याला लाथ अर्धीच लागते. बर्फ चौपट लागतो."

"एवढा जाडा आहे. लाथच घाला."

हे ऐकून मला जे हसू आलं ना, ते आठवलं की अजून कान गरम होतात. तज्ज्ञाचं हसू. डॉक्टर जसा 'नेटवर वाचलं' म्हणणाऱ्या पेशंटकडे बघून हसतो, तसा मी हसलो आणि बर्फ दाबला.

पडदा चमचमला. ड्रॅगोनाइट काचेच्या दुकानातून उचलून आणल्यासारखा लकाकायला लागला. पोलादाचा टेरा. पोलादाला बर्फ अर्धा लागतो. चौपटीवरून निमपटीवर, म्हणजे आठपट घसरण, एका फेरीत. खाली इंग्रजीत ओळ आली, ती अण्णांनी आमच्या बाकाला, समोरच्या बाकाला आणि दारात लटकणाऱ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

"नॉट व्हेरी इफेक्टिव्ह."

मग ड्रॅगोनाइटने भूकंप केला आणि मांजर गेलं.

"चौपट म्हणालात ना?" अण्णांनी विचारलं. कुचकेपणाने नव्हे, खरोखर कळलं नाही म्हणून.

"त्याने टाइप बदलला. पोलादाचा झाला."

"कधी?"

"आत्ता."

"बसल्या जागी?"

"हो."

"मग पंख?"

"पंख आहेत."

"फडफडतायत की."

"फडफडतायत. पण नियमाप्रमाणे तो आता उडत नाही. त्याच्यावर कुणी भूकंप केला तर त्यालाही लागेल. दुप्पट."

अण्णा गप्प झाले. मुंब्र्याचा डोंगर आला, मागे गेला. कळव्याला त्यांनी चष्मा खाली घेतला. "मग तो खाली का पडत नाही?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. चार महिने तक्ता पाठ करून, भाच्याबरोबर तासन्‌तास वाद घालून मला जो प्रश्न पडला नाही, तो या गृहस्थांना कळव्याला पडला.

"आणि पोलादाला लाथ किती लागते?" त्यांनी पुढे विचारलं.

मी खिडकीबाहेर बघितलं.

"किती लागते सांगा ना."

"दुप्पट."

"आणि जाड्याला?"

आता हे मी सांगायलाच नको होतं, पण खोटं बोलता येत नाही. लो किक समोरचा जितका वजनदार तितकी जोरात बसते. ड्रॅगोनाइट 210 किलोचा. "जास्त," मी म्हणालो.

"अरे, मी म्हटलं होतं लाथ घाला!" हे त्यांनी डब्याला सांगितलं. डब्याने माना डोलावल्या. त्यातल्या एकालाही ड्रॅगोनाइट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण अण्णा बरोबर होते यावर एकमत झालं.

इथे मला खरंच राग आला. अण्णांचा नाही. हरण्याचंही एवढं नाही, मी हरतो. पण बर्फ टाकणं चूक नव्हतं हो. जे शिकलो त्याप्रमाणे तेच उत्तर होतं. आणि ज्याला ओ की ठो कळत नाही त्याने बटणाचं नाव वाचून दिलेला सल्ला अचूक निघाला. भाचा म्हणतो, "मामा, समोरचा काय करेल ते वाचायचं, तेच स्किल." काय वाचायचं? 18 शक्यता आणि एक अनोळखी माणूस, जो कदाचित ब्राझीलमध्ये झोपेत खेळतोय. लागला तर स्किल आणि चुकला तर मामा. आमच्या ऑफिसात याच पद्धतीने बढत्या होतात, निदान तिथे कुणी त्याला खेळ म्हणत नाही.

भाच्याकडे स्विच आहे, तो निन्टेन्डोचा गेम खेळायचा डबा, आणलेला कुणाकडून तरी. त्याच्यावर हा टेरा झाला की प्राण्याच्या डोक्यावर मुकुट उगवतो. आगीचा असेल तर झुंबर, पाण्याचा असेल तर कारंजं, विजेचा असेल तर चक्क बल्ब, उडणारा झाला तर फुग्यांचा घोस. लढाईला निघालेला प्राणी की बारशाला आलेली आत्या, कळत नाही. आणि हा टेरा बदलून घ्यायचा असेल तर मेदाली नावाच्या गावात एक खानावळ आहे. तिथल्या आचाऱ्याला टेराचे 50 तुकडे द्यायचे. तो काहीतरी रांधतो, प्राणी खातो, टाइप बदलला. ना अर्ज, ना दोन फोटो. माझ्या आडनावातला एक इंग्रजी 'ए' लाईटबिलावर आहे आणि बँकेच्या पासबुकात नाही. तो एक 'ए' घालायला मी तीन वर्षांत किती खिडक्यांवर उभा राहिलोय. गेल्या महिन्यात एका खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आधी तुम्ही तुम्हीच आहात याचा पुरावा आणा." आणला. त्यावरही 'ए' नव्हता. त्यापेक्षा खानावळ परवडली.

असो. डब्यात तोवर खटला उभा राहिला होता. अण्णांच्या गँगमधल्या एकाने निकाल दिला, "म्हणजे हा बंद हुकूमच की."

आणि वाईट हे की तो बरोबर होता. मेंढीकोटात बंद हुकूम असतो. एकाने पत्ता पालथा ठेवायचा, रंग कुणाला दाखवायचा नाही, आणि कुणाकडे उतारी नसली की हुकूम उघडायचा. उघडला की तोवरचे सगळे हिशेब आडवे. मी वाद घातला. म्हटलं, तिथे रंग चार, इथे 18. तिथे हुकूम सगळ्यांना एकच, इथे ज्याचा त्याचा वेगळा. हा रडीचा डाव आहे.

"रडतंय कोण?" समोरचे म्हणाले.

अण्णांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "एक मिनिट. ज्याचा त्याचा म्हणालात. म्हणजे तुमच्याकडेही हुकूम होता?"

"होता."

"मग?"

"वापरला."

"कशावर?"

आता इथे 'वेळेवर' म्हणून सोडून देता आलं असतं. पण ठाणं आलं, गर्दी आत घुसली, कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत आणि मी घाईत खरं बोललो. "माझा एक मिठाचा राक्षस आहे. गारगॅनॅकल. तो मरायला लागला होता तिसऱ्या फेरीत, म्हणून त्याला केलं."

"त्याला काय केलं?"

"पाण्याचं."

काही क्षण फक्त पंख्यांचा आवाज.

"मिठाला," अण्णा सावकाश म्हणाले, "पाण्याचं केलंत."

"अण्णा, ते फार चांगलं असतं. गारगॅनॅकल मुळात दगड आहे, गवत आणि पाणी दोन्ही त्याला लागतात, पाण्याचा केला की—"

कुणीही ऐकलं नाही. दारातला एक माणूस, ज्याला मी आजवर कधी हसताना पाहिलं नव्हतं, तो दांडीला धरून हसत होता. "विरघळला का मग?" कुणीतरी विचारलं. पुढच्या दोन फेऱ्यांत तो मेला होता. हे मी सांगितलं नाही, त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं. तेच ते, समोरच्याला वाचणं.

चूक नव्हती हो ती, मी कितीदा सांगू? हजारो लोक गारगॅनॅकलला पाण्याचा टेरा देतात. पण डब्यात बहुमत होतं आणि मतदानाचं माझं नशीब तुम्हाला माहीत आहे.

घाटकोपर गेलं, कुर्ला गेलं. हसणं ओसरलं, जो तो आपापल्या मोबाईलमध्ये. आणि दादर यायच्या जरा आधी मला आठवलं. त्या मिठाच्या राक्षसाचा एक डाव आहे, त्यात तो समोरच्याला मीठ चोळतो. मग त्या प्राण्याचा जीव दर फेरीला आठव्या भागाने झिजत जातो. फक्त दोन टाइपांना ते मीठ दुप्पट झोंबतं, दर फेरीला चौथा हिस्सा. एक पाणी. दुसरं पोलाद.

म्हणजे मीठ शेवटपर्यंत जपून ठेवलं असतं तर त्या पोलादी सरड्याचं मिठानेच भागलं असतं. बर्फ नको, लाथ नको. आणि हे मला तक्त्यावरून माहीत होतं, डायरीच्या मागच्या पानावर लाल पेनाने लिहिलेलं आहे.

अण्णांना हे सांगायचा प्रश्नच नव्हता. मी बॅग खांद्याला लावून उठलो. अण्णांनी खिशातून पुडी काढली, माझ्यापुढे धरली.

"घ्या. खारे आहेत, चालतील ना?"

घेतले.