होतंच असं, पण फोन करा

"गरोदरपण म्हणजे काही आजार नव्हे" हे एका बाजूचं म्हणणं. "तिने नऊ महिने इकडची काडी तिकडे करायची नाही" हे दुसऱ्या बाजूचं. माझी मामेबहीण पुण्यात कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात काम करते. आठवा लागल्यावर तिने काउंटरमागे बसायला स्टूल मागितलं आणि एवढ्यावरून नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन तट पडले. मावशीने भरल्या दिवसांत विहिरीचं पाणी शेंदल्याची आठवण काढली. वहिनी "सरळ रजा टाक" म्हणून मोकळी झाली. पाय कितपत सुजतात, संध्याकाळी की सकाळपासूनच, हे तिला कुणी विचारलं नाही.

स्टूल खरं तर तिच्या हक्काचंच. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानुसार प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण दहा आठवडे आधीपासून, बाईने मागणी केल्यास, तिला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. गरोदरपणातून आजार उद्भवला तर महिनाभराची वेगळी भरपगारी रजाही आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. पण २०१७ च्या दुरुस्तीतले बाळंतपणाच्या भरपगारी रजेचे २६ आठवडे तेवढे सगळ्यांच्या तोंडी असतात. मालक त्या आकड्याने धास्तावतात आणि आपण सगळे त्यावरच भांडतो. बाळंतपणाआधीच्या रोजच्या त्रासाचं कलम कुणाला माहीत नसतं. शिवाय त्यात "मागणी केल्यास" ही मेख आहेच. सोसणाऱ्या बाईचं कौतुक करणाऱ्या घरातली मुलगी साहेबाकडे मागणी करणार कशी?

मी इंग्लंडमध्ये राहते आणि माझी दोन्ही बाळंतपणं इथलीच. इथे सगळं गोड आहे असं सांगण्यासाठी हे लिहीत नाही. गुंतागुंत नसेल तर इथे स्त्रीरोगतज्ज्ञाचं दर्शनही होत नाही, मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईणच सगळं बघते. "अगं, डॉक्टरला दाखवलंस की नाही?" हा आईचा फोनवरचा प्रश्न शेवटपर्यंत संपला नाही. आणि कशाचीही तक्रार केली तरी पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ते नॉर्मलच आहे! या "नॉर्मल"खाली काय काय दडपलं जातं, तेही या देशाने पाहिलंय. श्रूजबरी आणि टेलफर्ड इथल्या रुग्णालयांतल्या बाळंतपणांच्या चौकशीचा ऑकेंडन अहवाल २०२२ मध्ये आला. तिथे बायकांचं आणि त्यांच्या घरच्यांचं म्हणणं वर्षानुवर्षं ऐकूनच घेतलं गेलं नव्हतं.

तरीही इथली एक सवय मला फार मोलाची वाटते. "नॉर्मल आहे" म्हटल्यावर पुढचं वाक्य येतं: अमुक झालं तर मात्र फोन करा. उलट्या होणारच, पण चोवीस तासांत पोटात अन्न किंवा पाणी टिकलं नाही, आठ तास लघवीला झालं नाही, तर फोन. पायांना सूज येतेच, पण चेहऱ्यावर आणि हातांवर एकदम आली, डोकं ठणकून डोळ्यांसमोर चमकायला लागलं, तर लगेच. पोटरीत गोळे येतात, पण एकच पोटरी सुजून दुखत राहिली तर ते साधं नाही. तो नंबर फाईलच्या दर्शनी भागावर असतो आणि रात्री दोनलाही उचलला जातो.

दुसऱ्या खेपेला मला अंगभर खाज सुटत होती. मिडवाइफने पोटाकडे पाहिलंही नाही. तळहात आणि तळपाय खाजतात का, रात्री वाढतं का, एवढंच विचारलं आणि पित्ताम्ल तपासायला रक्त काढलं. गरोदरपणात यकृतातून पित्त नीट वाहिनासं होण्याचा एक विकार असतो. ब्रिटनमध्ये तो साधारण १४० जणींत एकीला होतो आणि दक्षिण आशियाई वंशाच्या बायकांत त्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे. पित्ताम्लं फार वाढली तर पोटातल्या बाळाला धोका असतो. माझा अहवाल चांगला आला, खाज नुसत्या ताणलेल्या कातडीची निघाली. घरी सांगितलं असतं तर "खोबरेल लाव" एवढ्यावर विषय मिटला असता. खोबरेलावर माझा राग नाही, मीही लावलंच.

घरच्या समजुती सरसकट मोडीत काढायचंही कारण नाही. छातीत जळजळ झाली की बाळाला जावळ दाट, असं म्हणतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ६४ गरोदर बायकांवर हे खोटं ठरवायला अभ्यास केला आणि २००६ मध्ये उलटंच छापायची पाळी त्यांच्यावर आली! डाव्या कुशीच्या हट्टात मात्र फारसा दम नाही. २८ आठवड्यांनंतर झोपताना उताणं नको, कूस कुठलीही चालेल, असं इथे सांगतात.

औषधांच्या बाबतीत तर आपणच पुढे होतो. डॉक्सिलामाइन आणि जीवनसत्त्व बी-६ ची उलट्यांवरची गोळी भारतात डॉक्टर कित्येक वर्षं सर्रास लिहून देत आले. ब्रिटनमध्ये अशा गोळीला गरोदरपणातल्या उलट्यांसाठी परवाना मिळाला २०१८ मध्ये. अतोनात उलट्या हे "मनाचे खेळ" नव्हेत, जीडीएफ-१५ नावाच्या संप्रेरकाला शरीर किती हळवं आहे यावर त्या बऱ्याच अंशी अवलंबून असतात, हेही २०२३ च्या शेवटी केंब्रिजच्या संशोधकांसह अनेकांनी मिळून दाखवलं. गोळी आपल्याकडे सहज मिळते. चार वेळा उलटी झाली की चौदा वेळा, हे विचारायलाच कुणी नसतं. ओपीडीत डॉक्टर सुनेला विचारतात आणि उत्तर शेजारची सासू देते, "तशी काही तक्रार नाही हो." इथे मिडवाइफ एकदा तरी नवऱ्यालाही बाहेर बसवून बाईशी एकटीने बोलते. मला तेव्हा ते आगाऊपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, आपल्याकडे आधी हेच व्हायला हवं.

आपल्याकडे याची सोय अजिबात नाही असंही नव्हे. सरकारी माता-बाल संरक्षण कार्डावर धोक्याची लक्षणं चित्रांसकट छापलेली असतात, आशाताई घरी येऊन समजावतात, १०२ ची गाडी फुकट येते. ऊसतोडीला गेलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन चालते, तिला मातृत्वाच्या रजेचा कायदा शिवतही नाही. तिच्यासाठी ते कार्डच काय ते आहे, तेही गाव सोडल्यावर फडावर कुणी बघितलं तर. शहरातल्या खासगी दवाखान्यांच्या चकचकीत फाइलींत सोनोग्राफीचे फोटो असतात. कधी फोन करायचा हे एका पानावर छापायला खर्च नाही. रात्री फोन उचलायला माणूस बसवायचा तर पगार द्यावा लागेल आणि तो बिलात दिसेल. २६ आठवड्यांइतकाच वाद त्या पगारावरही व्हायला माझी हरकत नाही.