नाखवा, इंजिन बदलाच!

जुनं इंजिन अजून सुरू होतंय, हे काही ते न बदलण्याचं कारण नव्हे. सकाळी शेजारच्या बोटीची बॅटरी मागून आणावी लागते, हेडमधून पाणी झिरपतं, कुठला सिलिंडर रुसलाय हे बोट हाकणारा तांडेल झोपेतसुद्धा आवाजावरून सांगतो, हे सगळं खरं. पण बाजूच्या बोटीवर नवं सहा सिलिंडरचं आलंय आणि त्याचा रंग निळाशार आहे. एवढं कारण पुरे. मी बदललंय. माझा अनुभव तुम्हाला फुकट देतो. या सगळ्या प्रकरणात फुकट मिळणारी ही एकच वस्तू, तेव्हा सोडू नका.

वेळ नीट साधा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे हातात 61 दिवस. त्यातले 40 दिवस कोटेशनं गोळा करण्यात घालवा. मग जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फिटरला फोन लावा. हर्णै काय, दाभोळ काय नि जयगड काय, चांगला फिटर म्हटला की सगळ्यांच्या तोंडी तीच दोन-चार नावं असतात, आणि त्या आठवड्यात तो एकाच वेळी नऊ बोटींवर ‘पोचतोच दहा मिनिटांत’ असतो. बोट आंजर्ल्याच्या खाडीत उधाणाच्या भरतीला वर ओढून ठेवलेली असेलच. इंजिन ट्रकमधून उतरेल त्या दिवशी उधाण नुकतंच ओसरलेलं असेल अशा बेताने मागवा. पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस तुम्ही, इंजिन आणि चिखल एकमेकांकडे बघत बसा. ओळख वाढते.

हिशेबाला एकच ओळ पुरते. ‘इंजिन, 7 लाख.’ खाली रेघ मारा, बेरीज 7 लाख. मी असाच कागद कॅलेंडरमागे खोचला होता. पुढे त्याच कागदावर जागा पुरेना. जुन्या गिअर बॉक्सचं तोंड नव्या इंजिनाला बसत नाही, म्हणून गिअर. गिअरचं गुणोत्तर बदललं, म्हणून बोट ढकलणारा पाण्यातला पंखा. पंख्याचा बोअर वेगळा, म्हणून तो फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट. शाफ्ट जाड, म्हणून तो बोटीबाहेर नेणारी नळी, स्टर्न ट्यूब. ट्यूब काढायची तर लाकूड कापायचं, म्हणून सुतार. सुतार आला की त्याला आजूबाजूचं कुजलेलं लाकूड दिसणारच, त्यात त्याची काय चूक? शिवाय इंजिन आणि गिअर मिळून पाऊण टनाचं धूड केबिनच्या दारातून आत जात नाही. केबिनचं छप्पर उतरवा, हायड्रा क्रेन बोलवा, हायड्राचं चाक वाळूत रुतलं की त्याला काढायला ट्रॅक्टर बोलवा. तो खर्च मी ‘किरकोळ’ या सदरात लिहिला. शेवटी किरकोळ साडेचार लाख झालं. घरात ‘किरकोळ’ हा शब्द आता कोणी वापरत नाही.

अश्वशक्तीच्या बाबतीत मात्र हात आखडू नका. जुनं 90 चं होतं ना? मग 180 चं घ्या. कोणीतरी शहाणा तुम्हाला सांगेल की पाण्यात बसून चालणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. 36 फुटांची बोट असेल तर उत्तर आठ नॉटच्या आसपास येतं. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढायला लागते आणि तुम्ही कितीही घोडे जुंपा, ते त्या चढावर डिझेल खात उभे राहतात. असल्या माणसाला ‘तुम्ही समुद्रावर कधी गेला होता?’ एवढं विचारायचं. तो वीस वर्षं तांडेल होता असं निघालं तर विषय बदलायचा.

डिझेलचं गणितही आत्ताच करू नका. पूर्ण जोरात चालणारं 100 अश्वशक्तीचं इंजिन तासाला साधारण 18 ते 20 लिटर पितं, 180 चं किती पिईल हे पहिल्या फेरीनंतर आपोआप कळतं. आणि मच्छीमारांना सरकारकडून मिळणारा डिझेलवरच्या कराचा परतावा आहेच. तो येतो. नारळ लावला तर तोही कधीतरी फळतोच की.

आता इंजिन बसवण्याचा मुख्य सोहळा. इथे सुतार आणि फिटर असे दोघे लागतात, आणि दोघांना एकाच दिवशी बोलवायचं हे विसरू नका, नाहीतर भांडणाची मजा जाते. सुतार इंजिनाचा बेड करतो. त्याचं सर्वांत बारीक माप अर्धा सूत, म्हणजे दीड मिलिमीटर. फिटरच्या खिशात फीलर गेज असतो, कागदाहून पातळ पात्यांचा जुडगा. इंजिनाकडची आणि शाफ्टकडची अशा कपलिंगच्या दोन तबकड्या तो जवळ आणतो आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फटीत पातं घालून बघतो. चार इंची कपलिंगला या चार मापांत 0.1 मिलिमीटरहून जास्त फरक नको. आमचा फिटर पोटावर पालथा पडून होता, तोंडात बॅटरी धरलेली. खालचं पातं सरकेना, वरचं ढिलं. इंजिनाच्या पायाखाली पत्र्याची पट्टी घातली, बोल्ट आवळला, तर आता डावीकडचं अडकलं. असं चार तास. सुतार काठावर बसून बिडी ओढत म्हणाला, ‘‘मेस्त्री, ही बोट आहे, घड्याळ नाय.’’

फिटर आणखी एक कटकट घालेल. म्हणेल, हे माप कोरड्यावर घेऊन उपयोगाचं नाही. ओंडक्यांवर टेकलेली बोट वेगळी वाकते आणि पाण्यात तरंगणारी वेगळी. पाण्यात उतरवून, लाकूड दोन दिवस पाणी पिऊन फुगू दे, मग पुन्हा बघू. ऐकू नका. 1 ऑगस्ट तोंडावर आलेला असतो, सगळे निघालेले असतात. मी ऐकलं नाही. पहिल्याच दिवशी सुवर्णदुर्गापर्यंत जाईतो चहाचा पेला फळीवरून आपोआप चालत माझ्यापर्यंत आला. पंधरा दिवसांत शाफ्टभोवतून पाणी आत येऊ न देणारं ग्लँडचं पॅकिंग गेलं, पाठोपाठ बेअरिंग. म्हणजे एका हंगामात दोनदा फिटरची गाठ पडली. एरवी माणसं कुठे भेटतात हल्ली.

डिझेलची टाकी जुनीच ठेवा आणि चुकूनही धुऊ नका. वीस वर्षांचा गाळ, तळाचं पाणी, त्यात वाढलेली काळी चिकट बुरशी ही घराण्याची ठेव आहे. बोट लाटेवर हलली की ती ढवळून नव्या फिल्टरमध्ये येते आणि तिथून पुढे इंजेक्टरपर्यंत पोचायचा प्रयत्न करते. पितळी पंखा आणि पोलादी शाफ्टजवळ जस्ताचा एक ठोकळा लावतात. खारं पाणी आधी त्याला खातं आणि बाकीचं वाचतं. तो लावाच, पण रंगाऱ्याला सांगून त्याच्यावरही छान रंग मारून घ्या. रंगवलेलं जस्त मग वर्षानुवर्षं कोरं राहतं. पंखा राहत नाही.

कागदपत्रं. बोटीच्या नोंदणीत इंजिनाचा नंबर आणि अश्वशक्ती असते, इंजिन बदललं की ती नोंद बदलावी लागते. ऑनलाइन आहे सगळं, म्हणजे आधी ऑनलाइन आणि मग त्याची प्रिंट घेऊन कचेरीत. इंजिनाच्या नंबराचा पेन्सिलने काढलेला ठसा मागतात. हा नंबर बनवणाऱ्याने खास स्टार्टरच्या मागे, खालच्या अंगाला कोरलेला असतो. इंजिन बसवण्याआधी काढला तर दोन मिनिटांचं काम, म्हणून बसवल्यानंतर काढा. मी तळाच्या तेलकट पाण्यात कोपर टेकून, कागद धरून पेन्सिल घासली. तीन कागद फाटले. चौथ्यावर 3 उमटला की 8, यावर कचेरीत दोन खेपा झाल्या.

एवढे पैसेच नसतील तर सेकंडहँड बघा. मुंबईत दारूखाना आहे, गुजरातेत अलंग आहे. मोडीत काढलेल्या जहाजांच्या लाइफबोटींची इंजिनं तिथे मिळतात. ‘फक्त ड्रिलला, म्हणजे सरावाला चालवलंय’ असं विकणारा सांगतो आणि पुष्कळदा ते खरंही असतं. फक्त त्याचे सुटे भाग ज्या देशात मिळतात तिथे आपली एसटी जात नाही.

आणि चुलतभाऊ गणपतीला मुंबईहून येईल, सिमेंटच्या धक्क्यावर उभा राहून म्हणेल, ‘‘दादा, इलेक्ट्रिक का नाही घेतलंस?’’ त्याला मोदक वाढा.

तर झालं सगळं. नारळ फुटला, हार घातला, लिंबू-मिरची बांधली. बटण दाबलं आणि पहिल्या ठोक्याला इंजिन लागलं. आवाज असा मऊ की तांडेलाला काही कळेचना. आठ दिवस तो अस्वस्थ. मग त्याने मागे बोट दाखवलं. फनेलमधून काळा धूर. जोर दिला तरी फेरे पूर्ण भरत नव्हते, कारण पंखा मोठा झालेला. तो आता उतरवून, कापून, तोलून परत चढवायचाय, म्हणजे पुन्हा उधाण बघणं आलं.

जुन्याचं काय केलं? भंगारवाला किलोवर भाव करत होता, पण बापाने घेतलेली वस्तू, जीव होईना. डोकं, पंप, जे काही निघालं ते विकलं आणि उरलेल्या ब्लॉकला साखळी बांधून बंदरात बुडवला, मुरिंगला, म्हणजे बोट बांधून ठेवायला. नवीन इंजिनाची बोट सध्या तिथेच बांधलेली असते. परवा जोराचा वारा झाला, दोन बोटी सुटून खडकाकडे गेल्या. आमची जागेवर होती.