तीन दिवसांत डायपर सुटत नाही : एका फॉरवर्डला पाळणाघरातून उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. दोनदा पालकांच्या, एकदा सोसायटीच्या आणि एकदा माहेरच्या. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : आज्या-पणज्यांच्या काळात मूल वर्षाचं व्हायच्या आत शी-शू सांगायचं. आता तीन-तीन वर्षांची मुलं डायपर लावून फिरतात, कारण आया आळशी झाल्या आणि पाळणाघरांना कष्ट नकोत. उपाय सोपा आहे. तीन दिवस डायपर काढून टाका, दर अर्ध्या तासाने बसवा, कपड्यात केलं की चारचौघांत थोडं लाजवा, दुपारनंतर पाणी कमी करा. चौथ्या दिवशी मूल तयार. शेवटी, ‘पाळणाघरवाल्यांना हे ठणकावून सांगा.’

मी डोंबिवलीत १७ वर्षं पाळणाघर चालवते. हा मेसेज फिरल्यापासून तिघीजणींनी मला विचारलं, ‘ताई, सोमवारपासून करूया का सुरू?’ त्यातल्या एकीचा मुलगा १६ महिन्यांचा आहे. म्हणून एकेक गोष्ट घेऊन लिहिते.

‘पूर्वी वर्षाच्या आत मूल सांगायचं.’ यातलं अर्धं खरं आहे आणि ते अर्धं मला मोलाचं वाटतं. माझ्या आईने आम्हा भावंडांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पायांवर बसवलं. भिंतीला टेकून पाय पसरायचे, पावलांमध्ये फट ठेवून बाळाला नडग्यांवर टेकवायचं आणि ‘श्शूऽऽ’ असा आवाज काढायचा. झोपून उठलं की एकदा, दूध प्यायल्यावर जरा वेळाने एकदा. हळूहळू बाळाच्या अंगाला तो आवाज ओळखीचा होतो आणि बाळुती कमी भिजतात. पण इथे शिकलेलं कोण असतं? आई. बाळ खेळता खेळता गप्प झालं, अंग ताठ केलं, डोळे एका जागी लावले की तिला कळायचं. मूल सांगत नव्हतं, आई ओळखत होती.

आपल्याकडेच हे होतं असंही नाही. १९७७ मध्ये डीव्रिस नावाच्या दोन संशोधकांनी पूर्व आफ्रिकेतल्या डिगो लोकांबद्दल लिहिलं. तिथल्या आया बाळ काही आठवड्यांचं असतानाच सुरुवात करतात. जमिनीवर पाय लांब करून बसतात, बाळाला पायांमध्ये घेतात आणि ‘शूस’ असा आवाज काढतात. आमच्या मोरीपासून हजारो मैलांवर तीच बैठक आणि जवळजवळ तोच आवाज! ती मुलं पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत बरीचशी कोरडी राहायला लागायची. म्हणजे लवकर होऊ शकतं, हे खोटं नाही. अट एकच आहे. दिवस-रात्र बाळाच्या हाताच्या अंतरावर कुणीतरी मोकळं माणूस लागतं.

माझ्या आईच्या घरात आजी होती, काकू होती, मागे मोरी होती आणि बाळ अर्धा दिवस उघडंच असायचं. आज माझ्याकडे येणाऱ्या घरांत दोनच मोठी माणसं आहेत आणि दोघंही सकाळची फास्ट लोकल पकडतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, तीही जिच्या नोकरीला हा कायदा लागू आहे तिला. ती संपली की सहा महिन्यांचं बाळ पाळणाघरात येतं. या बाईला आळशी म्हणणाऱ्याने एकदा तिच्यासोबत सव्वासातच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहावं.

डायपरबद्दलचा एक मुद्दा मात्र मान्य करते. आताचे डायपर इतके कोरडे ठेवतात की शू झाल्याचं मुलाला जाणवतच नाही, आणि जे जाणवत नाही ते सांगणार कसं? म्हणून घरी आजी असेल, सुट्टीचा दिवस असेल, तर बाळाला जरूर पायांवर बसवा, तासभर सुती लंगोटात ठेवा. मी स्वतः हे सांगते. फक्त त्याला परीक्षा समजू नका.

‘पाळणाघरांना कष्ट नकोत.’ काही ठिकाणी हे खरं आहे, लपवणार नाही. दुसरीकडून माझ्याकडे आलेली एक मुलगी पहिल्या दिवशी डायपर काढताना किंचाळली होती. जांघेत कातडी सोललेली, कारण तिथे सकाळी लावलेला डायपर संध्याकाळीच निघायचा. अशा ठिकाणाबद्दल आईबापांनी रागावलंच पाहिजे. पण मेसेजमधला उपाय घेऊन तो राग माझ्याकडे आणलात, तर आधी हिशेब करून पाहा.

माझ्याकडे १४ मुलं आहेत आणि त्यातली ६ दीड ते तीन वर्षांची. सकाळी ९ ते संध्याकाळी ६, दर अर्ध्या तासाने बसवायचं म्हणजे एका मुलाच्या १८ फेऱ्या, सहा जणांच्या १०८. चड्डी काढा, बसवा, वाट बघा, धुवा, पुसा, चड्डी चढवा, मग मुलाचे आणि स्वतःचे हात साबणाने धुवा. चार मिनिटांत उरकलं तरी ४३२ मिनिटं होतात. म्हणजे नऊ तासांतले सात तास एक मावशी मोरीतच. भरवायचं कुणी, झोपवायचं कुणी, पडलेल्याला उचलायचं कुणी? आणि हात धुण्यात वेळ वाचवता येत नाही. जुलाब आणि एका प्रकारची कावीळ शीतून हातावर आणि हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या शीला घाण मानायचं नाही, ही आपली जुनी समजूत पाळणाघरात महागात पडते.

हिशेब बाजूला ठेवला तरी अर्ध्या तासाची फेरी कामाची नाही. घड्याळ बघून उचललेल्या मुलाला पोट भरून आल्याची, दाटल्याची जाणीव व्हायला वेळच मिळत नाही. आम्ही ठरलेल्या वेळांना बसवतो : आल्यावर, दुधानंतर, जेवण झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी, झोपून उठल्यावर, घरी जाण्याआधी. जेवल्यावर आतडी आपोआप हलायला लागतात, त्यामुळे शीसाठी ती वेळ सगळ्यांत चांगली. मुलाने ‘नाही’ म्हटलं तर उठू देतो.

‘तीन दिवसांत होतं.’ झटपट शिकवण्याची कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेत फॉक्स आणि एझ्रिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ३४ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. तिथे तर तीन दिवससुद्धा नाही, सरासरी चार तास लागले. पण ती मुलं २० महिन्यांच्या पुढची होती, तयारी तपासून घेतलेली होती, आणि शिकवणारं माणूस त्या वेळात दुसरं काहीही करत नव्हतं. आणखी एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याने वाचायला हवी होती. त्या पद्धतीत मुलांना भरपूर प्यायला देत, म्हणजे शू जास्त वेळा लागेल आणि शिकायच्या संधी वाढतील. आपला मेसेज पाणी तोडायला सांगतो.

उलट दिशेचा अनुभवही नोंदलेला आहे. ब्रेझलटन नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९६२ मध्ये ११७० मुलांची माहिती मांडली. मुलाच्या कलाने घेतलं तेव्हा दिवसा कोरडं राहायचं सरासरी वय साधारण साडेअठ्ठावीस महिने आलं. सरासरी म्हणजे कित्येक मुलं त्याच्या बरीच पुढे. २००३ मध्ये फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी चारशेहून अधिक मुलांचा मागोवा घेतला, तर २७ महिन्यांच्या आत कसून सुरुवात केलेली मुलं त्यामुळे डायपरमधून आधी मोकळी झाली नव्हती, शिकण्याचा काळ तेवढा लांबला होता. त्या १६ महिन्यांच्या मुलाच्या आईला मी हेच सांगितलं. आता सुरू केलं तर तुम्ही वर्षभर चड्ड्या धुवाल, थोडं थांबलात तर कदाचित तीन महिने.

थांबायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं नाही. दुपारी झोपून उठल्यावर डायपर कोरडा मिळतो का? दोन तास कोरडं राहतं का? ‘चप्पल आण आणि कोपऱ्यात ठेव’ असं दुहेरी सांगितलेलं कळतं का? शी करायला पडद्यामागे जातं का? माझ्यासाठी ही शेवटची खूण सगळ्यांत पक्की. पडद्यामागे जाणाऱ्या मुलाला आतून काय होतंय ते कळलेलं असतं, फक्त जागा बदलायची राहिलेली असते.

आता ‘थोडं लाजवा’. हे एक वाक्य खोडण्यासाठी मी बाकीचं सगळं लिहायला बसले.

माझ्याकडे पावणेतीन वर्षांचा एक मुलगा होता. शू महिन्याभरात जमली होती. एकदा घरी पाहुण्यांसमोर चड्डीत शी झाली, मोठ्या भावंडांनी ‘शेम शेम’ केलं आणि आई म्हणाली, ‘परत केलीस तर व्हिडिओ काढून मामाला पाठवीन.’ तिने ते हसत म्हटलं होतं, वाईट हेतू नव्हता. त्यानंतर तो आमच्याकडे टेबलाची कड धरून उभा राहायला लागला. टाचा वर, पाय एकमेकांत आवळलेले, चेहरा लाल, वरच्या ओठावर घामाचे थेंब. आजी म्हणाल्या, ‘जोर लावतोय बिचारा.’ जोर लावत नव्हता, दाबून धरत होता. ही दोन दृश्यं बाहेरून इतकी सारखी दिसतात की बहुतेक घरांत फसगत होते. जोर लावणारं मूल खाली बसतं, गुडघे दुमडतं. धरून ठेवणारं मूल ताठ होतं.

धरलेली शी आत सुकते, कडक होते. मग ती बाहेर येताना दुखतं, कधी चीर पडून रक्त दिसतं. एकदा दुखलं की मूल पुढच्या वेळी आणखी धरतं. चार दिवस, सहा दिवस. आणि मग चड्डीला पातळ डाग लागायला लागतात. आईला वाटलं जुलाब झाले. तिने फळं-भाज्या बंद करून नुसती भाताची पेज सुरू केली. खरं म्हणजे आत खडा अडकला होता आणि त्याच्या कडेने पातळ शी झिरपत होती. ते त्याला कळतही नव्हतं, थांबवताही येत नव्हतं. आणि त्या डागांसाठी पुन्हा ओरडा बसत होता. डॉक्टरांनी पोट चाचपलं तेव्हा सगळं उलगडलं. शी मऊ करणारं औषध कित्येक महिने चाललं. डायपर परत आला. बसवणं आम्ही पूर्ण बंद केलं आणि दीड महिन्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

लहान मुलांची बद्धकोष्ठता बऱ्याचदा तीन टप्प्यांवर सुरू होते : वरचं अन्न सुरू होताना, शी-शूची सवय लावताना आणि शाळा सुरू होताना. मेसेजवाल्यांनी मधल्या टप्प्यावर नेमकी लाज आणून ठेवली आहे. आमच्या मावशींना मी एकच वाक्य शिकवलं आहे : ‘शू झाली. चल, कोरडी चड्डी घालू.’ आवाज न चढवता, तोंड वाकडं न करता. ‘छी’ हा शब्द आमच्याकडे बंद आहे.

पाणी तोडण्याबद्दल फार लिहावं लागू नये. कमी पाण्याने शी कडक होते आणि शू गडद होऊन जळजळते, मग मूल शूसुद्धा धरून ठेवायला लागतं. मे महिन्यात अडीच वर्षांच्या मुलाचं पाणी कमी करा हे कुठल्याही कारणाने सांगू नये.

रात्रीचं प्रकरणच वेगळं. झोपेत कोरडं राहणं शिकवून येत नाही, ते शरीर वाढेल तसं येतं. पाच वर्षांच्या शंभर मुलांमागे साधारण पंधरा मुलं अंथरूण ओलं करतात, आणि पाचच्या आत डॉक्टर त्याला आजार म्हणत नाहीत. खाली मेणकापड घाला आणि झोपू द्या.

मेसेजमध्ये एक गोष्ट अजिबात नाही, आणि माझ्या अनुभवात निम्मं काम तिच्यावर अडतं : घर आणि पाळणाघर यांची भाषा. एका मुलीच्या घरी तेलुगू होती. ती दोन दिवस माझा पदर ओढून काहीतरी सांगत होती आणि प्रत्येक वेळी मी तिला पाणी दिलं. तिची चड्डी ओली व्हायची आणि मला वाटायचं, ही सांगत नाही. ती सांगत होती, मला कळत नव्हतं. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवलेला आहे, कोणाच्या घरी काय म्हणतात त्याचा. शू, सूसू, मुतू, नंबर वन. घरी कमोड असेल आणि आमच्याकडे खाली बसायचं असेल तर मुलाला खड्ड्यात पडायची भीती वाटते, फ्लशच्या आवाजाने दचकायला होतं. ते आधी सांगा, आम्ही पॉटी ठेवतो. आणि जीन्स, बेल्ट, डंगरी नको. इलॅस्टिकची चड्डी द्या, जी मूल स्वतः खाली ओढेल. पिशवीत चार सुट्या चड्ड्या आणि ओल्या कपड्यांसाठी एक थैली.

एप्रिल आला की आणखी एक घाई सुरू होते, जूनमधल्या नर्सरीची. ‘शाळेने सांगितलंय, डायपर चालणार नाही.’ दोन महिने हातात असतील आणि मूल पडद्यामागे जात असेल तर बहुतेक वेळा होऊन जातं. नसेल जात, तर शाळेला भेटून विचारा : वर्गात चड्डी ओली झाली तर बदलतं कोण? मुलांचं टॉयलेट वर्गापासून किती लांब आहे? मुलाने विचारल्यावर लगेच सोडतात की सुट्टीची वाट बघायला लावतात? पाळणाघर निवडतानाही हेच विचारा, मलासुद्धा विचारा. मी तुम्हाला मोरी दाखवीन, साबण कुठे ठेवतो ते दाखवीन आणि दारावरचा तो कागद दाखवीन. तुमच्या घरचा शब्द त्यावर तेव्हाच लिहून घेऊ.